डबा ठेवून ती गेली

कुसुम : अन् तिनं म्हनलं का पुस्तक बेकार हाय, तर?

देवीदास : तर बेकार. तेच तर ऐकाचं आहे मले.

कुसुम : मंग तोंड काहून असं करून राहिले? दात उपटाले चालल्यावानी?

देवीदास : तुले नाही समजणार, कुसुम. पस्तीस वर्षं रेल्वेत काढली. रिटायर झालो त्या दिवशी अकरा जणांनी भाषणं दिली. अकराच्या अकरा खोटं बोलले. एकानं तर मले मितभाषी म्हटलं.

कुसुम : तेव्हा मीबी हसली होती.

देवीदास : म्हणून म्हणतो, मरायच्या आधी एकदा तरी खरं मत ऐकू दे. नागपूरच्या छापखान्यानं नमुन्याच्या पन्नास कॉपी काढून दिल्या. मोठी छपाई कराची का नाही, हे मी आपल्या वाचक मंडळातल्या अपर्णा मॅडमचं ऐकून ठरवणार. ती पोट्टी तोंडावर बोलते. मागच्या महिन्यात यशवंतरावांच्या आवडत्या कादंबरीले तिनं तीनशे पानांची जांभई म्हटलं.

कुसुम : यशवंतराव त्या दिवशी चीला न खाताच गेले. तांदळाच्या पिठाचा गरम गरम चीला, तसाच राहिला.

देवीदास : हां. तर सांगून ठेवतो, पुस्तक मी लिहिलं हे तुझ्या तोंडून निघालं नाही पाहिजे. कव्हरवर देवदत्त रायपुरे आहे, तर देवदत्त रायपुरेच. मंडळाच्या पुस्तकांच्या पिशवीत मी गुपचूप टाकलं अन् तिच्याच वाट्याले जाईल असं पाहिलं.

कुसुम : नाव लपवाचं होतं तर रायपुरे काहून घेतलं? रायपुरात राहून रायपुरे. मोठे हुशार.

देवीदास : आता झालं ना छापून!

कुसुम : अन् मले काहून नाही वाचाले दिलं?

देवीदास : दिलं नाही असं नाही. आधी बाहेरच्या माणसाचं मत येऊ दे म्हटलं.

कुसुम : चार महिने झाले. घरात पन्नास पुस्तकं पडून हायेत. तुम्ही दिलं नाही म्हनून मी हात नाही लावला.

देवीदास : अवं, सगळं रेल्वेचं आहे त्यात. नट, बोल्ट, चाकं. तुले काय त्यात?

कुसुम : हव. मले काय त्यात. जा, बेल वाजली.

अपर्णा : सॉरी काका, उशीर झाला. शंकर नगरहून वेळेत निघाले होते, पण मधे सदर बाजारात एक काम करून घेऊ म्हटलं. रविवारी तिथं स्कूटर घालणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे. बाकीचे कुठे?

देवीदास : यावे, यावे मॅडम. ज्योतीताईंच्या दवाखान्यात आज फार गर्दी आहे, असा त्यांचा निरोप आलेला आहे. यशवंतराव भाचीच्या विवाहाच्या खरेदीत व्यग्र आहेत. त्यामुळे आज आपण दोघेच.

कुसुम : अन् मी भिंत हाय. पाहाय पोरी, तू आली का यांची मराठी कशी इस्त्री करून बाहेर निघते.

अपर्णा : काकू, आज तुम्हीही बसा की आमच्यात. दर वेळी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकता.

कुसुम : दारातून बरं ऐकू येते. अन् उठाचं असलं का उठता येते.

अपर्णा : आईला मी परवा फोनवर सांगितलं, रायपूरला नोकरीवर आले तर मराठी वाचणारे लोक मिळाले मला, आणि त्यांचा नियम असा आहे की पुस्तक पूर्ण वाचून यायचंच नाही, अर्ध्यात असतानाच मत सांगायचं. ती साताऱ्याहून म्हणाली, तुमचं मंडळ अर्धवटच दिसतंय.

देवीदास : नियम माझा आहे, मॅडम. शेवट वाचला का माणूस न्यायाधीश होतो. अर्ध्यात असतो तेव्हा खरं बोलतो. तर... आपण सुरुवात करावी.

अपर्णा : नाही, आधी तुम्ही. मागच्या वेळी मीच पहिली बोलले आणि यशवंतराव उपाशी गेले.

देवीदास : माझ्याकडे ती ऐतिहासिक आहे, जाडी. दोनशे चाळीसाव्या पानावर आहे. चांगली आहे, पण घोडे फार फुरफुरतात. राजा रागावला का घोडा फुरफुरते, राणी रडली का घोडा फुरफुरते. मले आता राजापेक्षा घोड्याचीच काळजी वाटून राहिली. झालं माझं. आता तुमचं.

अपर्णा : एवढंच? तुम्ही तर घोड्यांवर अर्धा तास बोलणारे.

कुसुम : आज त्याइले घाई हाय.

अपर्णा : मग काकू, तुमचं? तुम्ही काय वाचताय सध्या?

कुसुम : मी? रद्दीवाल्याकडून आनलेली हिंदी जासूसी. खून होते, कोनी केला पाहाचं. मले तर तिसऱ्याच पानावर समजलं.

अपर्णा : तिसऱ्या? कसं काय?

कुसुम : एक बाई मेली. सगळे रडून राहिले अन् एक जन सगळ्याइले पानी देऊन राहिला. ज्याचं खरंच कोनी मेलं ते पानी मागते, देत नाही.

अपर्णा : काका, तुम्ही यांना मंडळात का घेतलं नाही अजून?

देवीदास : घेऊ, घेऊ. पुढच्या महिन्यात ठराव मांडू. तुमचं पुस्तक काढा ना आता.

अपर्णा : हे घ्या. 'सायडिंग नंबर तीन'. देवदत्त रायपुरे. कोण हे? नेटवर शोधलं, काही सापडलं नाही.

देवीदास : असतील कोणी. नागपूरकडचे असतील.

अपर्णा : एकशे दहाव्या पानावर आहे मी. खरं सांगू का?

देवीदास : खरंच सांगा.

अपर्णा : सुरुवात फार वाईट आहे.

देवीदास : फार?

अपर्णा : पहिली तीस पानं नुसते बोल्ट आहेत, काका. आता माणूस येईल, आता माणूस येईल म्हणून वाट बघतेय, आणि येतो कोण, तर आणखी एक बोल्ट.

कुसुम : मानूस कितव्या पानावर येते?

अपर्णा : एकतिसाव्या.

देवीदास : पण ती... वातावरणनिर्मिती असेल.

अपर्णा : तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला गोड वाटेल. मी रात्रभर स्वप्नात पाना फिरवत होते. पण एकतिसाव्या पानापासून मात्र पुस्तक खाली ठेवता येत नाही. उन्हात तापलेला मालगाडीचा डबा हाताला कसा चटका देतो, कितीही साबण लावला तरी भाकरीला ग्रीसचा वास कसा येतो... हे ऐकून लिहिलेलं नाही. हा माणूस तिथं राबलाय. त्याच्याबद्दल मला आदर वाटला.

देवीदास : आदर.

कुसुम : लिहून घेता का? कागद आनू?

देवीदास : तू जाय न, चहा पाहाय.

कुसुम : चहा समोरच ठेवला हाय तुमच्या. सांग पोरी, तू सांग.

अपर्णा : आता तक्रार. हा जो नायक आहे, रामदास, गाड्यांची चाकं तपासणारा, तो एकशे दहा पानांत एकदाही चुकलेला नाही. एकदाही! प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी साहेब येतात आणि त्याच्या पाठीवर थाप मारतात. आठ प्रकरणं, आठ थापा. मला त्याच्या पाठीची काळजी वाटायला लागलीये.

देवीदास : काही माणसं असतात, मॅडम, कामात पक्की.

अपर्णा : कामात पक्की असतील, घरी तरी चुकतील की नाही? घरात तर तो दिसतच नाही. बायको आहे त्याला. सोळा वेळा येते ती, मी मोजलं. सोळाही वेळा जेवणाचा डबा घेऊन. तिला नावसुद्धा नाही.

कुसुम : नाव नाही?

अपर्णा : नुसती 'बायको'.

देवीदास : त्या काळी नाव घेत नव्हते बायकोचं.

कुसुम : बायका नवऱ्याचं घेत नव्हत्या. नवरे तर गल्लीभर ऐकू जाईल असं घेत होते. कुसुम पानी, कुसुम टॉवेल.

अपर्णा : तेच ना! पण थांबा, मुख्य गोष्ट वेगळीच आहे. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक प्रसंग आहे. मालगाडी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आहे. रामदास हातोडीनं एकेक चाक ठोकत चाललाय. चांगलं चाक असलं की खणखणीत वाजतं. आणि एका चाकाचा आवाज बद्द येतो. तो गाडी थांबवतो, डब्याखाली शिरतो, तर चाकाला केसाएवढी चीर. पुढे दुर्घटना झाली असती. साहेब, थाप, सर्टिफिकेट, सगळं. तिथं एक वाक्य आहे, वाचून दाखवते. 'बाजारात तडकलेलं मडकं वाजवावं तसा आवाज आला. दुकानदारानं कितीही शपथा खाल्ल्या तरी असं मडकं घरी न्यायचं नसतं.' पुस्तकातलं सगळ्यात सुंदर वाक्य आहे हे.

देवीदास : हो ना? मलेही ते... म्हणजे, तुम्ही वाचलं तर मलाही तसंच वाटलं.

अपर्णा : पण ते त्याचं नाही.

देवीदास : म्हणजे? चोरलं आहे म्हणता?

अपर्णा : चोरलं असं नाही म्हणत मी. पण अठ्ठ्याऐंशी पानं हा माणूस एकदाही बाजारात गेलेला नाही, काका. ना भाजी, ना मडकं. त्याला जे काही आठवतं ते रेल्वेचंच. पोटचं पोर रडलं तरी त्याला इंजिनाची शिट्टी ऐकू येते. आणि इथं एकदम मडकं? दुकानदाराच्या शपथा? उन्हाळ्यात दहा मडकी वाजवून अकरावं घेणाऱ्या बाईचं वाक्य आहे हे.

कुसुम : कोन्या बाईचं?

अपर्णा : तीच, त्याची बायको. त्याच पानावर वर आहे बघा. 'तेवढ्यात बायको आली. डबा ठेवून ती गेली.' बस, एवढंच. लेखकानं तिला फार घाईनं घरी पाठवलंय.

कुसुम : घरी नाही गेली ती. अर्धा घंटा थांबली होती.

अपर्णा : असं पुढे येतं का पुस्तकात? काकू, नियम मोडताय हं! तुम्ही पूर्ण वाचलंय?

कुसुम : एक पान नाही वाचलं. मी तिथं होती.

(बाहेर भाजीवाला टमाटर-गोभीची हाक देत गल्लीतून पुढे जातो.)

अपर्णा : काका... देवदत्त रायपुरे?

देवीदास : हो.

अपर्णा : अरे देवा. तीस पानं बोल्ट, असं म्हणाले मी.

देवीदास : म्हणाल्या.

अपर्णा : आणि पाठीवरच्या थापा.

देवीदास : त्याही मोजल्या तुम्ही.

अपर्णा : मी जरा पाणी पिते.

कुसुम : पी. अन् घाबरू नको, तू काही खोटं नाही बोलली. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट हाय. आमचं क्वार्टर सायडिंगच्या मांगंच होतं. मे महिना, इंद्रजीत कडेवर, अन् मी डबा घेऊन गेली. हे ठोकत चालले होते, ठन, ठन, ठन. मंग एक वाजलं, भद्. अन् हे पुढं निघून गेले! मी म्हनलं, अहो, ते चाक फुटकं हाय. तर हे म्हनते, तुले काय समजते चाकातलं? मी म्हनलं, चाकातलं नाही समजत, फुटक्यातलं समजते. असं मडकं मी फुकटात नाही नेनार, दुकानदारानं कितीबी शपथा खाऊ दे. परत वाजवा.

अपर्णा : आणि वाजवलं?

कुसुम : तीनदा. मंग हे डब्याखाली घुसले. मी उन्हात उभी. इंद्रजीत रडून राहिला होता. शिट्टी नव्हती ती, पोरगं होतं.

देवीदास : साहेबानं विचारलं, किसने पकडा? मी म्हटलं, मैंने. काय सांगणार होतो? बायकोनं सांगितलं म्हटलं असतं तर म्हणले असते, यार्डात बायका काहून येऊन राहिल्या. मेमो भेटला असता मले.

अपर्णा : ते तेव्हाचं झालं, काका. पुस्तक तर आत्ता लिहिलंत ना? आता कोण देतंय मेमो?

देवीदास : त्या पानावर मी दोन दिवस अडलो होतो, मॅडम. 'तेवढ्यात बायको आली' इथपर्यंत लिहिलं. पुढं हात चालेना. सदतीस वर्षं ते सर्टिफिकेट त्या भिंतीवर टांगलेलं आहे, तुमच्या मागं. इंद्रजीतनं शाळेत त्याच्यावर निबंध लिहिला, नंबर आला त्याचा. आता कोणत्या तोंडानं सांगाचं? मले लाज वाटली. अन् खरं सांगू, मलेही आता असंच वाटाले लागलं होतं का आवाज मीच ऐकला.

कुसुम : म्हनून मले घरी पाठवलं.

देवीदास : म्हणून.

कुसुम : अन् म्हनून मले वाचाले नाही दिलं.

देवीदास : हो, बाप्पा, हो.

कुसुम : मले सर्टिफिकेट नव्हतं पाहिजे. पन त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी येऊन एकदा म्हनान, कुसुम, तुझ्यामुळे झालं, असं मले वाटलं होतं. मी खीर करून ठेवली होती. तुम्ही दोन वाट्या खीर खाल्ली अन् मलेच विचारलं, आज काय आहे?

देवीदास : तू काही बोलली नाही.

कुसुम : काय बोलाचं? म्हनलं, दूध उरलं होतं.

देवीदास : मग इतक्या वर्षांत कधी काहून नाही काढलं? बाकी तर तू मले काही सोडत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नातली साडीसुद्धा अजून काढतं.

कुसुम : साडी मागता येते. हे मागून भेटलं तर काय कामाचं? तुम्ही लिहून राहिले हे समजलं, तेव्हा वाटलं, आता ते न मागता पुस्तकात येईल. आता कोनी साहेब नाही, प्रमोशन नाही. आता तर येईलच.

अपर्णा : मी निघू का? खरंच निघते मी. माझं तोंड ना...

कुसुम : बस खाली. एक जन चीला न खाता गेला तेवढं पुरे झालं. चटनी घे. हिरवी हाय, लाल तिखट हाय.

देवीदास : कुसुम.

कुसुम : काय?

देवीदास : तुझ्यामुळे झालं.

कुसुम : आता नका सांगू. पाहुनी बसली हाय.

अपर्णा : पाहुणी काही ऐकत नाहीये, काकू. पाहुणी चीला खातेय.

देवीदास : मी उद्याच छापखान्याले फोन करतो. छपाई नाही कराची म्हणतो. चूल पेटवाले कामी येतील पन्नास कॉप्या.

अपर्णा : अजिबात नाही! काका, एवढं चांगलं पुस्तक... म्हणजे एकतिसाव्या पानापासून चांगलं. ते पान तेवढं नव्यानं लिहा. तिला थांबू द्या तिथं अर्धा तास, पोराला कडेवर घेऊन. आणि रामदासला एकदा चुकू द्या. लोक त्याच्यावर जास्त जीव लावतील, मी सांगते तुम्हाला.

देवीदास : एक पान बदलून नाही होत, मॅडम. तुम्ही मोजलं ना? अर्ध्यातच सोळा ठिकाणी आहे. त्या प्रत्येक ठिकाणी ती काय बोलली होती, ते मले आठवत नाही.

कुसुम : मले आठवते.

देवीदास : सगळं?

कुसुम : सगळं म्हनजे, पहिले वाचू तर द्या. कुठं कुठं डबा घेऊन उभं केलं हाय मले.

अपर्णा : ही माझी प्रत घ्या, काकू. मी पुढचं नंतर वाचते.

कुसुम : तुझी नको, तुझी अर्धी राहिली. माझ्या हक्काच्या एकोनपन्नास पडून हायेत घरात. अहो, द्या आनून एक.

देवीदास : थांब ना आठ दिवस. मी सुधारून देतो, मग वाच. चांगलं वाटेल तुले.

कुसुम : सुधारलेलं नाही पाहिजे. असंच द्या, जसं लिहिलं तसं.

देवीदास : घे. हे अठ्ठ्याऐंशीवं पान.

कुसुम : ते नाही. पहिल्यापासून वाचते.

देवीदास : अवं, पहिले तीस पानं नुसते बोल्ट आहेत. मॅडम काय म्हणाल्या ऐकलं नाही? तू तर त्यात कुठंच नाही.

कुसुम : तेच पाहाचं हाय मले. मी कुठं कुठं नाही ते.